शिंकेची परीक्षा

शाळा अर्ध्यात सोडून कोकणातून अकोल्याला आलो, कापसाच्या तेजीत एका शेठजींकडे कामाला लागलो. पण वर्ष होत आलं तरी घरी जायला सुट्टी मागायचं धाडस होईना. निदान स्वप्नात तरी, हे स्वप्न आहे हे ओळखून, हवं तसं आईकडे जावं म्हटलं. म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं युक्ती सांगितली, "दिवसभर कापूस हुंगत जाय, सवय लागली का सपनातही हुंगशील. शिंक आली तं जागा हायेस, नाही आली तं सपन."

तीन महिने हुंगत, शिंकत राहिलो. एका दुपारी शेठजींसमोर हुंगलं, तर शिंकच नाही! म्हणजे स्वप्नच. मी त्यांच्या गादीवर ऐसपैस बसून म्हणालो, "मला घरी जायचंय."

"मंग जा ना बावा! सालभर कावून नाही बोलला?"

नाक सर्दीनं चोंदलं होतं, हे मागून कळलं. शेठजींचे उपकार मात्र खरे. आईच्या दारात पुन्हा खिशातला कापूस हुंगला, सणसणीत शिंकलो, आणि मगच तिच्या पाया पडलो.