कप्तानच्या कांड्या आणि कोरडा डबा

डॉक्टर गेला, हे मला साहेबांच्या पोस्टवरून कळलं.
ज्यांच्या राज्यात त्याचं काम वाळून गेलं, त्याच साहेबांच्या.

सगळ्यांत आधी फुलं त्यांनीच टाकली. "हसतमुख सहकारी" म्हणे.
डॉक्टर हसतमुख नव्हता. तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं.

मी चौथी पास. लिहिते तसं वाचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचा गीर वळू कप्तान धुळ्याच्या केंद्राने नेला. त्याचं बीज गोठवून बारीक कांड्यांत भरायचे, नायट्रोजनच्या डब्यात ठेवायचे, आणि त्या कांड्यांनी गावोगावच्या गाई भरवायचे.

कप्तान तिकडेच साप चावून मेला.
राहिल्या त्या कांड्या.

इकडे सावद्याला माझी गाय चंद्री त्याच्याच कांडीने दोनदा भरवली. दोनदा उलटली, गाभ राहिली नाही.

धुळ्याच्या केंद्रातला गुरांचा हा डॉक्टर आला, तेव्हा त्याला दारातच धरला. म्हटलं, कप्तान जिवंत असताना एक गाय रिकामी गेली नाही. तुम्ही लोकांनी त्याचं बीज थंडीने मारलं.

तो चिडला नाही.
मी वेफरसाठी कच्ची केळी कापत होते. त्यातल्या दोन चकत्या त्याने ओट्यावर ठेवल्या. एकीवर लिंबू पिळलं. चहा होईपर्यंत दुसरी काळी पडली.

म्हणाला, गोठताना आणि वितळताना बीजाचं असंच होतं, हवाच त्याला खाते. थंडी सोसावी म्हणून अंड्याचा बलक घालतात, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून त्याने कप्तानच्या शेवटच्या कांड्यांत व्हिटॅमिन घातलं होतं. वेगळ्या ठेवल्या होत्या.

"लिंबू पिळलंस की काय?"
"तसंच समज, अक्का."

लॅबमध्ये त्याला टॉनिकवाला म्हणायचे.

त्या कांडीने चंद्री राहिली. कालवड झाली, कपाळावर कप्तानचाच टिळा.

मी पेढे काढले. हा म्हणे, एका वासरावरून काही ठरत नाही. साध्या कांडीने पुष्कळ गाई भरवायच्या, ह्या कांडीने पुष्कळ, मग बोलायचं.

असा माणूस. पेढासुद्धा अर्धाच खाल्ला.

मग त्याची ट्रान्सफर झाली. त्याच्या जागी साहेब आले. जाताना डॉक्टरने त्यांना बजावलं होतं, डब्यातला नायट्रोजन उडत राहतो, भरत राहा.

पोळ्याच्या दिवशी डॉक्टर आमच्या दारात. पुरणपोळीला हात लावला नाही. गोठ्यात चंद्रीजवळ जाऊन बसला. जीव जड झाला की त्याच्या तोंडून धुळ्याकडची बोली निघायची.

"अक्का, बठ्ठं गयं. डबा कोरडा शे."

सगळं गेलं, एवढंच म्हणाला. नायट्रोजन उडून गेला होता, कप्तानच्या वेगळ्या ठेवलेल्या कांड्या मेल्या होत्या.

मी रडले नाही. त्याच्या ताटातली पोळी चंद्रीला घातली.

दुसऱ्या वळूच्या बीजावर नव्याने करू द्या म्हणून तो अर्ज करत राहिला. कोणी करू दिलं नाही. पुढे त्याने मागणंही सोडलं. त्या व्हिटॅमिनच्या कांड्यांची कालवड ती एकच. तिला गोऱ्हेच झाले, ते औताला गेले. तो वेल तिथेच संपला.

त्याचं खरं होतं की खोटं, ते त्यालाही कळलं नाही. तसाच गेला.

डॉक्टर, नीट जा. तिकडे कप्तान दिसला तर मागून जवळ जाऊ नको, लाथ मारतो.

आणि साहेब, फुलं टाकलीत, आता लिहा. डबा का भरला नाही?

बाकीच्यांनी खाली हात जोडू नका.
उत्तर साहेबांनीच द्यायचं.