पोवळेवाल्याचा गूळ

महाराष्ट्र नवा होता आणि रोहिणखेडच्या सासरी मीही नवी होते. उन्हाळ्यात एक म्हातारा पोवळेवाला दारी यायचा. पाण्यासोबत दिलेला गुळाचा खडा तो डोळे मिटून चघळायचा, जणू दूर कुठे लाटा ऐकतोय. मगच पुरचुंडी सोडायचा.

एकदा तांबडं पोवळं माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "हा दगड नाही, बेटी. समुद्रातल्या बारक्या जीवांचं घर हाय. त्याइले डोळे नसतेत."

"मंग आपलं कोण, हे कसं वयखतेत, चाचा?" विचारलं पोवळ्याचं, पण चिंता माझी होती, त्या घरात मला अजून कुणी नावानं हाक मारत नव्हतं.

"मले काय मालूम? म्या समुद्र कुठी पाह्यला!" गूळ जिभेवर घोळवत तो हसला. "मी घर वयखतो, तसेच वयखत असतीन."

परवा समुद्रजीव शिकलेली नवी नातसून सांगत होती. काही प्रवाळ अंगातल्या प्रथिनांनी सूक्ष्म शेवाळावरची साखर चाचपतात आणि जुळली की त्याला पोटात घेतात. मग ते शेवाळच त्यांना जन्मभर भरवतं. सांगताना ती अजून उंबऱ्याशीच उभी होती.

मी उठले आणि तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.