पूजेला बसलेला सर्व्हर

जळगावच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते, तिथे चोपड्याकडची ती दुसरी शिक्षिका म्हणून आली आणि माझं जेवण कडू झालं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. क्लासचे सर धुळ्याला शाखा काढणार होते आणि आम्हा दोघींपैकी एकीला तिथे प्रमुख म्हणून पाठवणार होते. माझं घर धुळ्याला, घरात आई एकटी. भाड्याच्या खोलीत राहून मी विटले होते. ती जागा माझीच, असं मी धरूनच चालले होते.

तेवढ्यात एका केळी-व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं काम आलं. इंटरनेट फोनच्या तारेवरून रडतखडत यायचं, म्हणून सगळं आधी क्लासमध्येच चालवून दाखवायचं ठरलं. आतल्या खोलीतल्या एका मशीनवर सर्व्हर बसवायचा आणि बाहेरच्या मशीनवर पानं उघडायची. सर्व्हर माझ्याकडे, पानांची सजावट तिच्याकडे.

सर्व्हरने मला रडवलं. दोन्ही मशीनना मी चुकून एकच नंबर दिला होता, त्यामुळे ती एकमेकांना ओळखच देईनात. वायर बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवलं, आणि शेवटी तो नंबर सापडला. बाहेरच्या मशीनवर पान उघडलं तेव्हा मी खोलीभर नाचायचीच बाकी होते. सर आत आले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा, केळीचा घड काय सुरेख काढलाय!" घड तिने काढला होता. तो पडद्यापर्यंत कुणी आणला, हे विचारायला कुणी थांबलं नाही. घड खरंच सुरेख होता, आणि तेच मला जास्त खुपत होतं.

तिचं बाकीचंही खुपायचं. आल्यापासून ती सरांच्या आईशी, म्हणजे अक्कांशी, घरच्यासारखी अहिराणीत बोलायची. माझ्याही घरात अहिराणीच. पण क्लासमध्ये मी अहिराणीचा एक शब्द तोंडातून निसटू देत नसे. शिकल्या-सवरल्या बाईने शुद्ध बोलावं, असं माझं मत होतं. हिचं तसलं काही मत नव्हतं आणि तरी हिचं काही अडत नव्हतं.

व्यापारी दसऱ्याच्या मुहूर्तावर वेबसाइट पाहायला आले. राजस्थानातून येऊन पिढ्यान्पिढ्या इथे व्यापार करणारं घर. सोबत भाऊ, पुतणे, पेढ्यांचा पुडा. तिने पहिलं पान उघडलं. घड झळकला, सगळे खूश. मग व्यापाऱ्यांनी केळीच्या रोजच्या भावाचं पान मागितलं. ते माझं काम. सर्व्हर ते दर वेळी ताज्या आकड्यांवरून नव्याने बनवून द्यायचा. ते उघडेना. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पुतण्या म्हणाला, "बाकीचं तर चालतंय, एवढंच बिघडलंय." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या त्या घडाला काडी लावावीशी वाटली.

मी वायर हलवून पाहिली, नंबर तपासला. बाहेरच्या मशीनवरून आतल्या मशीनला संदेश पाठवून हाक दिली तर तिकडून उत्तर नाही. मग डोक्यात उजेड पडला. फोनचं बिल वाचावं म्हणून बाहेरचं मशीन आम्ही असं लावलं होतं, की एकदा पाहिलेल्या पानाची नक्कल त्याने जवळ ठेवावी आणि तीच दाखवावी. तिचं पान म्हणजे कालची नक्कल होती. सर्व्हर बंदच होता.

आत गेले. मशीनला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, पुढे आपट्याची पानं. मी बाहेर खुर्च्या मांडत असताना अक्कांनी यंत्राची पूजा केली होती आणि पूजेतलं यंत्र चालू नसतं म्हणून बटण बंद करवलं होतं. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी मनगट धरलं. मी त्यांना सर्व्हर म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय, हे शुद्ध मराठीत समजावू लागले. त्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला.

तेवढ्यात ती आली आणि अक्कांशेजारी मांडी घालून बसली. "अक्का, पाव्हणा बठेल शेतस. पूजा तं व्हयी गई ना?"

"उत्तरपूजा नही व्हयनी आजून," अक्का म्हणाल्या.

"मंग आत्तेच करी लेऊत. तुम्ही सांगा, मी करस."

अक्कांनी तिच्या हातात अक्षता दिल्या. तिने त्या मशीनवर वाहिल्या, हार थोडा सरकवला, नमस्कार केला आणि अक्कांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. बाहेर भावाचं पान उघडलं. तिने सर्वांदेखत सांगितलं, की हे पान पहिल्यापासून बरोबरच होतं, जुनं होतं ते तिचं. एवढी चांगली वागली, की मला तिचा धड रागही करता येईना. मग मी तो मनातल्या मनात दुप्पट केला.

दिवाळीनंतर सरांनी मला बोलावलं. "धुळ्याला माणसं सांभाळणारं कुणीतरी हवं. सर्व्हर सांभाळायला तू इथे हवीस." वर विचारलं, "तुझं घर तिथेच ना? तिच्या राहण्याची काही सोय होईल का?"

आईला विचारते, असं मी म्हणाले. तिला परकं माणूस घरात खपत नाही, ती नाहीच म्हणणार, याची मला खात्री होती. चोपड्याची ती धुळ्याला घर बघायला जाते म्हणाली, तेव्हा आईचा पत्ताही मीच तिला दिला. पुढच्या रविवारी मी एसटीडी बूथवरून आईच्या शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. आई धापा टाकत आली.

"पोर गुणी शे," ती म्हणाली. "उनी तशी चुल्हापुढे बठनी, आपली भाषामा बोलनी. तुनी खोली तिले दिधी."

मी बूथमधल्या मीटरचे पळते आकडे बघत राहिले. लाइन तुटली असं वाटून आई मोठ्याने म्हणाली, "तू घर उनी का मना जोडे नीजजो."