सगळे बसले का? हात मांडीवर

भालेराव काका गेले.
मी मस्कतला. हातात मीटर.

सकाळी त्यांच्या सुनेचा मेसेज आला. दोनच ओळी.

मी दहावी नापास. पुण्यात काकांनी मला टेस्टिंगचं काम शिकवलं. आम्ही सोसायट्यांमध्ये लूप मोजत फिरायचो.
म्हणजे मीटर थोडासा करंट मुद्दाम अर्थिंगमध्ये सोडतो, आणि त्याच्या परतीच्या वाटेत अडथळा किती, ते सांगतो. आकडा लहान असला तर फॉल्ट झाल्या झाल्या एमसीबी पडणार. मोठा असला तर करंट गीझरच्या पत्र्यात बसून राहणार, माणसाची वाट बघत.

काका आधी मेन बंद करून अर्थची वायर तपासायचे.
पंखा हळूहळू थांबायचा. फ्रिज गप्प. कोथरूडची दुपार, पडद्यातून पिवळा उजेड, अख्खं घर पाण्याखाली गेल्यासारखं.

मग मेन चालू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना दिवाणावर बसवायचे. पाय वर. हात मांडीवर.
कारण आपल्या नजरेतून एखादी सुटलेली वायर राहिलीच, तर मोजायच्या त्या क्षणी नळसुद्धा करंट धरू शकतो.

एकदा एक आजी म्हणाल्या, "फोटो काढताय का आमचा?"
"हो. हलू नका. नाहीतर त्यालाच हार घालावा लागेल."
आजी हसल्या. पण हात मांडीवरच.

धायरीच्या एका बिल्डिंगमध्ये शेवटचा फ्लॅट बंद होता. मला मॅच बघायची घाई. शेजारच्या फ्लॅटचाच आकडा लिहून टाकला.

काकांनी शीट बघितली.
"कुलपाला मीटर लावलास का रे?"
"नाही काका, होते ते घरात. आईशपथ."
काकांनी शीटची घडी घातली. बास.

दोन वर्षांनी मी इकडे यायला निघालो. सोडायला स्टॉपवर आले, तेव्हा बोलले.
"त्या फ्लॅटला मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. गीझरची अर्थ स्क्रूला नुसती टेकलेली. दोन लहान पोरी आहेत रे त्या घरात."

बस आली. मी बॅग उचलली.
पुढे पाच वर्षं फोनवर बोललो. जेवलात का, गुडघा कसाय, पाऊस हाय का तिकडं.
सॉरी तेवढं राहिलं.

आज लेबर कॅम्पमध्ये टेस्टिंग होतं. बिहारी, नेपाळी, केरळी, सगळे आपापल्या बंकवर. पाय वर, हात मांडीवर. मेन बंद केल्यावर एसी थांबले होते. तीच शांतता. दारात काका उभे असतील असं वाटलं, चष्मा कपाळावर.

शेवटच्या खोलीला कुलूप.
सुपरवायझर म्हणाला, "लिख दे ना यार, बाजूवाले का."

मी पायरीवर बसलो.
ऊन भिंतीवरून उतरत उतरत माझ्या बुटापर्यंत आलं, मग गेलं. दोन तास झाले असतील.
पोरं ड्युटीवरून आली. बसवलं. मोजलं.

काका, आकडा खरा लिहिलाय.
सॉरी.

शेवटचा जय भीम, काका.