सपाट जागेच्या शोधात महाळुंगे

चिंचवडहून महाळुंग्याला जायला एक मोटरसायकल पुरते. अन्यायाविरुद्ध जायचं असेल तर सामान वाढतं. माझ्या पाठीवर ड्रोनची पिशवी होती, टाकीवर पत्रकांचा गठ्ठा होता आणि हेल्मेटच्या आत मी एकटाच घोषणा देत होतो.

आई दारापर्यंत आली. "नीट जाय रे लेकरा. अन् त्याला धक्का लावू नको, पूजा केलेली हाय त्याची."

त्याला म्हणजे ड्रोनला. आम्ही मूळचे परभणीकडचे. वडील इथल्या कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, होते. आमच्या भागात खंडेनवमीला यंत्रांना हार घालतात, घरोघर हत्यारांची पूजा होते. त्यावर मागच्या वर्षी मी पत्रक काढलं होतं: 'यंत्राला हार नको, कामगाराला हातमोजे द्या!' यंदा आईने वडिलांच्या पान्यांशेजारी, पाटावर, माझं ड्रोन ठेवलं. मी भडकलो. ड्रोन उचललं, पुराव्यासारखं डोक्याच्या वर धरलं आणि भाषण सुरू केलं. आईने ते शांतपणे ऐकलं, माझ्या हातातल्या ड्रोनलाच कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या आणि पुरण हलवायला आत गेली. कुंकू मी पुसलं. गुलाबी डाग राहिला.

मोहीम अशी होती. महाळुंग्याच्या कडेला एक वाडी आहे, चारी बाजूंनी कारखाने. तिथल्या हौसाक्कांच्या विहिरीला पावसाळ्यापासून तांबूस पाणी येतंय. म्हशी तोंड लावत नाहीत, मेथीचा वाफा जळून गेला. विहिरीजवळून वघळ (ओढा) वाहते आणि रंग तिच्यातूनच येतो. पण तिच्या दोन्ही काठांना भिंती, पत्रे आणि काटेरी तारा. चालत वर जाता येत नाही. सरपंच म्हणाले होते, "पाणी कुठनं येतं ते बुधवारच्या ग्रामसभेत दाखवा, लगेच ठराव करतो. न्हाई दाखवता आलं तर विषय बंद." म्हणून वरून चित्रण करायचं.

मला मात्र चित्रणाआधीच सगळं ठाऊक होतं. वघळीच्या वरच्या अंगाला एक कंपनी आहे, इतकी मोठी की तिच्याकडे नुसतं बघितलं तरी राग येतो. पत्रक छापून तयार होतं: 'हौसाक्कांच्या विहिरीचा खुनी कोण?' खाली उत्तर, ठळक टायपात.

दिघीला सिद्धार्थ कांबळेला घेतलं. सिद्धार्थ माझा कॉलेजचा मित्र, आयटीत रात्रपाळी करतो आणि ड्रोन उडवतो. मी उडवत नाही, कारण पहिल्याच दिवशी मी ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर उतरवलं होतं.

"इथंच एकदा तपासून घेऊ," मी म्हणालो.

"येडा का खुळा तू? समोर लष्कराची हद्द आहे. ॲप उडूच देणार नाही."

मी ॲपलाही सरकारी दडपशाहीबद्दल चार शब्द सुनावले. ॲप लालच राहिलं. दसऱ्यापासून ड्रोन पिशवीतून बाहेर निघालं नव्हतं, कारण मी पत्रक लिहीत होतो. ते तसंच न तपासता पुढे निघालं.

भोसरी, मोशी, चाकण. रस्त्याच्या एका बाजूला कंटेनरची रांग, दुसऱ्या बाजूला कंटेनरचीच रांग, आणि मधल्या फटीत आम्ही. नव्या कोऱ्या गाड्या ट्रेलरवर पट्टे बांधून पडल्या होत्या आणि त्यांच्या मागे जुन्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खड्डा आला की सिद्धार्थ पाठीमागून म्हणायचा, "नेते, जनतेचे हाल होतायत." चाकणच्या चौकाआधी मिसळ खाल्ली. तर्री अशी होती की आम्ही दोघंही बराच वेळ कोणाच्याच विरोधात काही बोललो नाही.

हौसाक्का विहिरीच्या काठावर वाट बघत उभ्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी, पायात तुटका बूट, कुठल्यातरी कामगाराने टाकून दिलेला. त्यांनी घागर सोडून पाणी वर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पातळ चहासारखा रंग, वर गंजाचा वास.

"बघा," त्या म्हणाल्या. "माजी सासू म्हनायची, ही हीर कदी आटली न्हाई. आता आटली असती तर बरं झालं असतं."

सिद्धार्थने ड्रोन उघडलं, चालू केलं. मोबाइलवर चित्र आलं आणि कापायला लागलं. क्षितिज एका बाजूला कललं, पुन्हा सरळ झालं, पुन्हा कललं. ड्रोनच्या पोटाशी एक इवलासा हात असतो, त्याला गिंबल म्हणतात. ड्रोन कितीही डोललं तरी कॅमेरा सरळ धरून ठेवायचं त्याचं काम. आमच्या ड्रोनचा हात थंडी वाजल्यासारखा थरथरत होता आणि पडद्यावर लाल पट्टी आली होती: गिंबलवर ताण येतोय.

"त्याला ताप आलाय का?" हौसाक्कांनी विचारलं.

"आधी झाकण काढलं का?" सिद्धार्थने मला विचारलं. कॅमेऱ्यावर प्रवासासाठी पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असतं. काढलं नव्हतं. ते काढण्याची जबाबदारी माझी होती. मी तोवर मोबाइलसमोर उभा राहून प्रास्ताविक करत होतो. काढलं. थरथर चालूच. बंद करून चालू केलं. चालूच. शेवटी सिद्धार्थ म्हणाला, "कॅलिब्रेट करावं लागेल. म्हणजे त्याला सरळ काय आणि तिरकं काय ते पुन्हा शिकवायचं. फक्त एकदम सपाट जागा पाहिजे."

मग आम्ही महाळुंग्यात सपाट जागा शोधायला निघालो. रस्ता सोडून द्या. देवळाचा ओटा पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराचा. शाळेचा व्हरांडा मधोमध खचलेला. हॉटेलातल्या टेबलाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा, तोही हलणारा. टेम्पोचा हौदा सपाट होता, पण टेम्पो चढावर उभा होता. ॲप प्रत्येक ठिकाणी नम्रपणे तेच सांगायचं: जागा सपाट नाही. विकासाच्या नावाने इतकी जमीन सपाट केली आणि एका कॅमेऱ्यापुरतीही उरली नाही, असं वाक्य मला सुचलं. ते मोठ्याने म्हणालोही. सिद्धार्थने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जॅमर! कंपनीने जॅमर लावलाय! आम्ही येणार हे त्यांना कळलंय! मी थेट मोठ्या कंपनीच्या फाटकावर गेलो. तिथे एक वयस्कर सुरक्षारक्षक खुर्चीत बसून संत्रं सोलत होता.

"जॅमर बंद करा," मी म्हणालो. "आवाज दाबून सत्य दबत नसतं."

"कसला जॅमर?"

"ड्रोन बिघडवणारा. आम्हाला सगळं माहितीये."

त्याने शांतपणे संत्र्याची बी बाहेर टाकली. "दादा, आमचं वायफाय फाटकापर्यंत पोचत नाही. माझी हजेरी लावायला मला आत खांबाखाली जाऊन उभं राहावं लागतं. तुमचं विमान कुठनं बिघडवू?" मग अर्धं संत्रं पुढे केलं. "घ्या. ऊन लागलंय तुम्हाला."

मी बाणेदारपणे नाकारलं. सिद्धार्थने घेतलं.

तोंडातली फोड संपवता संपवता सिद्धार्थला आठवलं, की त्याची मावसबहीण वंदनाताई जवळच्याच एका लहान वर्कशॉपमध्ये तयार जॉब, म्हणजे सुटे भाग, तपासायला आहे. तिच्या खोलीत सरफेस प्लेट आहे. म्हणजे मापं तपासायची काळ्या दगडाची जाड फरशी, लेव्हल लावून बसवलेली. अख्ख्या गावात तेवढीच जागा सपाट असणार.

वंदनाताईने आम्हाला आत घेतलं, पण प्लेटजवळ जाताच हात आडवा केला.

"थांब. घाणेरडा जॉब माझ्या प्लेटवर नाही. आधी पुसायचा."

"ताई, हा जॉब नाही, ड्रोन आहे."

"मालक आला तरी आधी पुसून मग प्लेटवर. ऑइल टाकून बघू का जरा? थरथरतंय म्हणजे कोरडं झालं असणार."

"नको, नको!" सिद्धार्थ ओरडला.

तिने मऊ ब्रश घेतला, ड्रोन उलटं केलं आणि झटकायला लागली. रस्त्याची धूळ निघाली, मिसळीतली शेव निघाली (कशी, ते विचारू नका). मग गिंबलच्या सांध्यातून एक दाणा टुपकन काळ्या दगडावर पडला. गुलाबी. तांदळाचा.

वंदनाताईने तो दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "ही अक्षता आहे."

सिद्धार्थला खंडेनवमीची हकिगत ठाऊक होती. तो आधी भिंतीला टेकला आणि मग खाली बसला. "नेते," त्याला हसताना श्वास घेता येईना, "तुम्ही ड्रोन डोक्यावर धरलं होतं ना? पाटावर असतं तर अक्षता पाठीवर पडल्या असत्या. तुम्ही त्याचं पोट पुढं करून धरलंत. भाषणामुळं गेली आत ती!"

मी जॅमरबद्दल केलेलं वक्तव्य वंदनाताईच्या कानावर घालण्याची त्याला काही गरज नव्हती. तरी त्याने घातलं.

काळ्या दगडावर कॅलिब्रेशन पहिल्या फटक्यात झालं. कॅमेरा एकदा डावीकडे बघून, एकदा उजवीकडे बघून, समोर नजर लावून स्थिर राहिला. आम्ही धावत विहिरीवर आलो. ड्रोन वर गेलं आणि वघळीवरून हळूहळू पुढे सरकायला लागलं. हौसाक्का मोबाइलवर वाकून तांबडी रेघ बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो, कारण पुढचं मला पाठ होतं. पण रेघ मोठ्या कंपनीच्या भिंतीपाशी आली आणि तिला न शिवता पुढे निघून गेली. भिंतीच्या पलीकडे, वरच्या अंगालाही, वघळीचं पाणी लालच होतं. पुढे आंब्याचं झाड, त्याच्यामागे निळ्या पत्र्यांची एक शेड, शेडमधून बाहेर आलेला पाइप. पाइपाच्या वरच्या अंगाला पाणी स्वच्छ.

सिद्धार्थ हळूच म्हणाला, "लोखंडाचा गंज ॲसिडने धुतात, तसली शेड दिसतेय."

हौसाक्कांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "निळी पत्रं," त्या म्हणाल्या. "ही जागा आमच्या दत्तूची हाय. माज्या पुतन्याची. भाड्यानं दिलीया त्यानं."

त्याच संध्याकाळी, बुधवारच्या ग्रामसभेत, चित्रण दाखवलं. टीव्हीवर आंब्याचं झाड आलं तशा माना मागे वळल्या. दत्तू मागच्या खुर्चीत बसला होता, चाळिशीचा, पांढराशुभ्र शर्ट. माझा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. सिद्धार्थ कानात म्हणाला, "वाटू का, नेते?" मी गठ्ठा खुर्चीवर ठेवून त्याच्यावर बसलो.

"आक्के, भाडेकरू करतो ते," दत्तू म्हणाला. "मी काय रोज बघाया जातो व्हय?"

हौसाक्का उभ्या राहिल्या. "तुज्या लग्नात पाव्हण्यांस्नी पानी कुठलं पाजलं रं? याच हिरीचं. शेंदून शेंदून माजं हात सोललं व्हतं. तवा न्हाई म्हनलास, की आक्के, मी काय बघाया जातो व्हय?"

दत्तूने मान खाली घातली.

"लिवा ठराव," त्या सरपंचांना म्हणाल्या. "पाइप आजच्या आज बंद. पयलं नाव आमच्या घरचं घाला, भाडेकरूचं मागनं. म्हंजी कुनी म्हनाया नको, म्हातारी परक्यावरच वराडती."

मतासाठी हात वर झाले. दत्तूचा सगळ्यात शेवटी, पण झाला. आणि सभा संपल्यावर पाना मागून घेऊन शेडकडे तोच पुढे गेला. हौसाक्का त्याच्या मागे, तुटका बूट फरफटत.

परतताना मोठ्या कंपनीच्या फाटकावर रक्षक अजून बसलेला होता. मला बघून उठला. "सापडला का जॅमर?"

मी गाडी थांबवली. "सापडला, काका. आमच्याच घरचा निघाला. सकाळचं मनावर घेऊ नका." त्याने दुसरं संत्रं काढलं. या वेळी मी घेतलं.

घरी आईने विचारलं, "काय रे, चाललं का?"

"चाललं."

"चालणारच. पूजा केली होती म्हणून."

यावर माझ्याकडे पुरावा होता. वंदनाताईने तो कागदात गुंडाळून दिला होता, खिशात होता, गुलाबी होता. मी तो बाहेर काढला नाही. पत्रकांचा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि जेवायला बसलो.

पुढच्या खंडेनवमीला ड्रोन पाटावर राहील. भाषण मी करणारच, ते काही सुटायचं नाही. फक्त त्या वेळी हात रिकामे ठेवीन.