कानकाप्याची ढमी

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. बाकी सगळ्या जगासाठी तो कानकाप्या. प्राण्यांच्या निवाऱ्यात नसबंदीचं ऑपरेशन झालं, की कुत्रं शुद्धीवर यायच्या आत त्याच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापायचं, हे काम त्याचं. म्हणजे रस्त्यावर सोडल्यावर कुत्री पकडणाऱ्या गाडीला लांबूनच कळतं, याचं झालंय, याला पुन्हा उचलू नका. आता बघा, ज्याने आयुष्यात कोणाचा केससुद्धा वाकडा केला नाही, त्याला हे नाव! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यानेही कधी लावला नाही. कोणी हाक मारली की हसून ओ द्यायचा.

माणूस मऊ, पण नियमाचा पक्का. इतका पक्का, की समोरच्याला वैताग यावा. निवाऱ्यातून पिल्लू दत्तक दिलं, तर वयात आल्यावर ते परत आणून ऑपरेशन करून घ्यायचं, असं नेणाऱ्याकडून लिहून घेतलेलं असायचं. लोक लिहून द्यायचे आणि विसरून जायचे. मग कानकाप्या फोन करून करून त्यांचा जीव नकोसा करायचा. आणि निवाऱ्यात जे काही होईल ते वरच्या कार्यालयाला कळवायचं, हा दुसरा नियम. एखादं जनावर दगावलं तर त्याच दिवशी, कारणासकट. पूर्वी एका पिंजरेवाल्याने मेलेलं मांजर गुपचूप पुरलं आणि ‘पळालं’ म्हणून कळवलं, तेव्हा हा मऊ माणूस एवढा भडकला होता, की बिचारा पिंजरेवाला आठवडाभर त्याच्यासमोर येत नव्हता. “मेलं तर मेलं म्हण ना!” हा ओरडला होता. “का मेलं ते नाही सांगितलंस, तर पुढचंही तसंच मरेल!”

आणखी एक खोड होती त्याची. ऑपरेशनच्या सकाळी फाटकाशी उभा राहून तो प्रत्येक मालकाला विचारायचा, “रात्रीपासून काही खाल्लं का?” भरल्या पोटी भूल दिली तर जनावराला उलटी होते, ती श्वासनळीत जाते, आणि मग देवसुद्धा काही करू शकत नाही. लोक सरळ खोटं बोलतात, हे त्याला ठाऊक. म्हणून तोच प्रश्न तो फिरवून फिरवून विचारायचा. रात्री काय दिलंत? सकाळी उठल्यावर काय दिलंत? घरात दुसऱ्या कोणी काही दिलं का?

“नाही हो, एकच बिस्कीट.”

“मग बिस्कीट म्हणजे काय खाणं नव्हे? न्या परत. उद्या आणा.”

एकदा एका बड्या पोलीस अधिकाऱ्यालाही त्याने असाच परत पाठवला होता. साहेब तणतणत गेले, दुसऱ्या दिवशी मुकाट आले.

घरी तो आणि त्याची बायको, दोघंच. ती घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची. मूलबाळ नाही. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तेव्हा तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर गर्भाशयही काढून टाकलं. तिला कळलं ते शुद्धीवर आल्यावर. सही याची होती. जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नव्हता, हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. पण ती एवढंच म्हणायची, “मला आधी सांगायला काय झालं होतं हो?” वर्षातून एखाद्या वेळी म्हणायची, रागाने नव्हे, आणि याला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

अशा घरात ढमी आली. निवाऱ्यात सापडलेलं पिल्लू, पोटाने गरगरीत, म्हणून ढमी. दत्तकाची सही अर्थातच याने केली. बायकोचं नुसतं जग बदललं. मशीन चालवताना पाय टेकवायला जागा नाही, कारण खाली ढमी झोपलेली. शेजारीण म्हणाली, “वहिनी, अहो, तुम्ही तर लेकुरवाळ्या झालात!” तर हिचं तोंड असं फुललं, की त्याला बघवेना. सुखानेही माणसाला बघवत नाही कधी कधी.

ढमी वयात आली. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “एकदा होऊ द्या तिला पिल्लं. एकदाच. मग कापा काय कापायचं ते.”

“अगं, नियम आहे.”

“असेल. तुमचा नियम माझ्या पोटावर चालून झालाय. हिला सोडा.”

तो पुढचा महिना बघू म्हणाला, मग त्याच्या पुढचा. निवाऱ्यात चिडवाचिडवी सुरू झाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! पिंजरेवाला तर फोन उचलून नाटक करायचा, “हॅलो, कानकाप्यांचं घर का? तुमची कुत्री कधी आणताय?” सगळे हसायचे, हाही हसायचा, पण आतून खजील व्हायचा.

मग वरून पत्र आलं. दत्तक दिलेल्यांपैकी ज्यांची ऑपरेशनं राहिलीत ती सगळी महिनाअखेर करा आणि कळवा, नाहीतर निवाऱ्याची दत्तक द्यायची परवानगी बंद. परवानगी बंद म्हणजे पिंजऱ्यातल्या पिल्लांना घर मिळायचा रस्ताच बंद. व्यवस्थापकबाईंनी त्याला बोलावलं. चांगल्या बाई, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “सगळ्यांची झाली. एकच राहिलीये. कोणाची, ते मी सांगू का?”

त्याने मान खाली घातली. “उद्या आणतो.”

आता घरी जाऊन बायकोला सरळ सांगावं की नाही? ती रडली असती, भांडली असती, दोन दिवस बोलली नसती. पण पिंजऱ्यातल्या पिल्लांचं ऐकून तिने शेवटी हो म्हटलं असतं, मला विचाराल तर नक्की म्हटलं असतं. पण या गृहस्थाची छातीच होईना. तिच्या डोळ्यांत पाणी बघायचं नाही म्हणून त्याने तेच केलं, जे एकदा तिच्या बाबतीत झालं होतं. न सांगता नेऊ, झालं की सांगू. “उद्या ढमीला लस टोचायला नेतो,” म्हणाला. रात्री ढमीचं जेवणाचं भांडं धुऊन कपाटावर ठेवलं आणि मनाशी म्हणाला, झालं, उपाशी राहील.

सकाळी अंघोळ करून बाहेर आला, तर बायको ढमीला पट्टा बांधून तयार. फडक्याने तिचं तोंड पुसत होती आणि लाडाने काहीबाही बडबडत होती. त्याच्या अगदी ओठावर आलं, काही खायला दिलंस का हिला? हजारो लोकांना विचारलेला प्रश्न. पण विचारणार कसा? इतकी वर्षं त्याच्या तोंडून फाटकावरच्या गोष्टी ऐकून तिला पाठ झालं होतं, हा प्रश्न फक्त ऑपरेशनच्या दिवशीच विचारतात हे; उलटीचं आणि श्वासनळीचं मात्र त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. लसीला कोणी उपाशी नेत नाही. विचारलं असतं तर तिला क्षणात उमगलं असतं. त्याने प्रश्न गिळला, पट्टा हातात घेतला आणि निघाला. कपाटावरच्या भांड्याला तर कोणी हात लावला नव्हता, त्यावर त्याने भिस्त ठेवली.

फाटकाशी त्याला कोण विचारणार? विचारणारा तोच. आत डॉक्टरीणबाईंनी तेवढं विचारलं, “उपाशी आहे ना?”

“हो,” कानकाप्या म्हणाला.

ढमीने टेबलावर चढताना शेपूट हलवली, कारण धरणारे हात ओळखीचे होते. भुलीचं इंजेक्शन गेलं, ती सैल पडली, आणि डॉक्टरीणबाई हातमोजे चढवतात न चढवतात तोच तिच्या पोटातून उचंबळून आलं. दूध. दुधात भिजलेला पाव, मोठे मोठे तुकडे, न चावलेले. डॉक्टरीणबाईंनी तिला पटकन आडवी करून मान खाली लोंबती केली, तोंडात बोटं घालून साफ केलं, नळी घातली, छाती दाबली. कानकाप्या मागचे पाय धरून उलटं उचलत होता, हलवत होता, “ढमे, ए ढमे, खोक ना गं!” म्हणत होता. ढमीची जीभ आधी निळी झाली, मग पांढरी. डॉक्टरीणबाई खूप वेळ झटत राहिल्या. शेवटी त्यांनीच त्याचे हात सोडवले.

तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. भांडं सापडलं नाही तेव्हा बायकोने आपल्या वाटीतून दिलं असणार. लस टोचणार, उपाशी पोटी चक्कर येईल बिचारीला, म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच दिलं असणार.

डॉक्टरीणबाईंनी ढमीवर चादर घातली. मग हळूच म्हणाल्या, “कळवावं लागेल आज. भुलीत हृदय बंद पडलं, असं लिहू? तेही होतंच कधी कधी. कोणी विचारणार नाही.”

“नाही,” तो म्हणाला. “खरं लिहा. पोट भरलेलं होतं. उपाशी असल्याचं मी सांगितलं, खात्री न करता. माझं नाव लिहा.”

“तुमची नोकरी...”

“जाऊ दे, बाई. लिहा.”

त्यांनी लिहिलं. निवाऱ्यात त्या दिवशी कोणी त्याला कानकाप्या म्हणून हाक मारली नाही. पिंजरेवाल्याने न सांगता खड्डा खणला, मागच्या भिंतीशी, सावलीत. कानकाप्याने ढमीला स्वतः उचलून नेलं.

घरी जाताना रस्ताभर तो मनात घोकत होता. आता काही लपवायचं नाही. लपवूनच सगळं झालं. सगळं सांगायचं, लसीचं खोटं, ऑपरेशन, सगळं. दार उघडलं तेव्हा बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या पायांमागे पाहिलं.

“ढमी कुठाय?”

त्याने सांगितलं. ऑपरेशनला नेलं होतं, आणि ती गेली. बायकोने त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. “मला आधी सांगायला काय झालं होतं हो? सांगायला काय झालं होतं?” तो मार खात उभा राहिला. मारून मारून तिचे हात थकले, मग ती मशीनपाशी खाली बसली, ढमीच्या जागेवर, आणि हंबरडा फोडला. त्यानेही फोडला. शेजारीण दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

बऱ्याच वेळाने बायकोने डोळे पुसले. आवाज बसला होता. “कशाने गेली हो?”

हाच तो प्रश्न. खरं लिहा म्हणून त्याने सकाळी ठणकावून सांगितलं होतं, आणि तेच खरं त्याच्या जिभेवर तयार होतं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. सुईच्या टोचण्यांनी खरखरीत झालेली बोटं, मांडीवर उपडी पडलेली.

“हृदय कमजोर होतं,” तो म्हणाला. “कोणालाच माहीत नव्हतं.”

तिने मान हलवली, स्वतःशीच, काहीतरी आधार सापडल्यासारखी.

“एक तरी बरं झालं,” ती म्हणाली. “सकाळी माझ्या हातून पोटभर खाऊन गेली. उपाशी नाही गेली माझी बाय.”

“हो,” कानकाप्या म्हणाला. “पोटभर खाऊन गेली.”