झऱ्यावरची खोली

मुरुमजवळच्या एका वाडीत डोंगराच्या पोटातून बारमाही झरा निघतो. गुरांनी पाणी नासू नये म्हणून नीलम्माच्या सासऱ्यानं त्याच्या तोंडावरच दगडी खोली बांधली होती. उन्हाळ्यात तिथं गारवा असे, म्हणून नीलम्माचा नवरा सोमलिंग तिथंच झोपायचा. तो फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. मग नीलम्मानं खोलीत चूल मांडली. वाऱ्यानं जाळ विझू नये म्हणून दार लोटून ती कडक भाकरी थापायची आणि मुरुमच्या बाजारात विकायची. दोन्ही लेकी त्या भाकरीवरच शिकल्या.

गेल्या वर्षी अर्पिता नावाची कॉलेजातली संशोधक पाण्याचे नमुने घेऊन गेली. पाण्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघाला, एवढंच तिनं नीलम्माला फोनवर कळवलं. वाडीनं दोरीचा साप केला. ‘झऱ्यात अणुबॉम्बचं विष आहे!’ बायका लांबच्या बोअरवर जाऊ लागल्या. बाजारात नीलम्माच्या भाकरीला कुणी हात लावेना.

तिनं अर्पिताला फोन लावला. “पोरी, तू सांगून मोकळी झालीस. आता हितं येऊन नीट समजावून सांग.”

अर्पिता आली. खोलीतली हवाही तिनं तपासली. मग झऱ्यापाशी जमलेल्या बायकांना म्हणाली, “हा वायू जमिनीतल्या दगडातूनच निघतो, कुणी कालवलेला नाही. पाण्यात तो थोडाच आहे; पाणी उघड्यावर खळाळलं की बराचसा उडून जातो. भीती आहे ती कोंडलेल्या खोलीची. तिथं तो साचतो, वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाला बाधतो.”

नीलम्मानं विचारलं, “मग माझा माणूस ह्यानंच गेला का गं?”

अर्पिता म्हणाली, “मावशी, ते कुणालाच सांगता येणार नाही. बिडी ओढायचे का?”

“लई.”

“बिडी आणि हा वायू, दोन्ही मिळून धोका फार वाढतो. तुम्ही मात्र आता इथं बसू नका. दवाखान्यात एकदा छाती तपासून घ्या.”

नीलम्मानं खोलीच्या भिंतीवर हात ठेवला. सासऱ्याच्या हातचा एकेक दगड होता तो. मग जाऊ कोंडाबाईला म्हणाली, “पहार आण.”

पहिला दगड तिनंच उचकटला. दुपारपर्यंत निम्मी वाडी मदतीला आली. छप्पर उतरलं, भिंती कमरेपर्यंत खाली आल्या, गुरं अडवायला तेवढ्या पुरे होत्या. निघालेल्या दगडांच्या पायऱ्या रचल्या आणि पाणी त्यांवरून उड्या घेत खालच्या हौदात पडू लागलं.

छातीच्या तपासणीत काही निघालं नाही. दिवाळीनंतर अर्पिता पुन्हा आली. हौदातल्या पाण्यात वायू नावाला उरला होता. नीलम्मानं चूल मोकळ्या पत्र्याखाली हलवली. वारा त्रास देतो, तेव्हा ती त्याला कानडीत शिव्या घालते. बाजारात तिची पाटी दुपारच्या आत रिकामी होते, आणि हौदावर घागरीच्या नंबरावरून बायकांची भांडणं पुन्हा जोरात सुरू झाली आहेत.